त्रेचाळीस हनुवट्या

विट्यातल्या बायकांच्या हनुवटीवरचा केस न् केस हर्षदा साळुंखेला नावानिशी ठाऊक होता असं म्हटलं, तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

सतरा वर्षं ती 'नक्षत्र लेडीज ब्यूटी पार्लर' चालवत होती. दोऱ्याचं एक टोक दातात, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत पिळलेला, आणि समोर खुर्चीत मान मागे टाकून बसलेली एखादी वहिनी नाहीतर काकू. दातात दोरा असल्यामुळे हर्षदाला बोलता येत नसे. 'हं' आणि 'अंहं' एवढीच तिची भाषा. याचा फायदा असा की बायका तिच्यापाशी पोटातलं सगळं ओठावर आणत. गावातले निम्मे पुरुष सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यापायी कोइमतूर, कोची नाहीतर कोलकात्याला असायचे. घर, शेत, पोरांच्या शाळा, सासूचे गुडघे, सगळं बायकांच्याच गळ्यात. अशा वेळी मध्ये न बोलणारं माणूस समोर असणं ही चैनच होती.

हर्षदाची स्वतःची हनुवटी म्हणजे दुकानाची पाटी होती. नितळ, गुळगुळीत, शोधून डाग सापडायचा नाही. "तुझं बरं आहे बाई, तुला देवानंच सूट दिलीये," असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि हर्षदा 'हं' म्हणे. त्या सवलतीसाठी ती रोज पहाटे पाचला उठून, न्हाणीघराची कडी लावून, छोट्या आरशासमोर वीस मिनिटं दोरा फिरवत असे, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून हा तिचा नेम होता आणि आता ती सदतीसची होती. नवरा सुहास वर्षातले दहा महिने कोइमतूरच्या गलाईच्या दुकानात असायचा. उरलेले दोन महिने ती न्हाणीघराची कडी जरा हळू लावायची, इतकंच.

दोन हजार एक्केचाळीसच्या डिसेंबरात या पार्लरात एक यंत्र आलं. आकारानं जेवणाच्या डब्याएवढं, नाव 'रोमवेध'. आणण्याची कल्पना सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर नाझनीन तांबोळींची. बनवणारी कंपनी पुण्याची, आणि अजून यंत्राची चाचणीच चालू होती. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. हनुवटीवर केस आलेली बाई दवाखान्यात येते साखर वाढल्यावर, पण पार्लरात येते त्याच्या पंधरा वर्षं आधी. मग यंत्र दवाखान्यात ठेवून करायचं काय?

उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि पेढा तोंडात असतानाच डॉक्टरांनी बायकांना समजावून सांगितलं.

"बायकांच्या अंगात पुरुषी संप्रेरकं असतातच. अँड्रोजन म्हणतात त्यांना. थोडी लागतातही. ती जास्त झाली की चेहऱ्यावर केस येतात, ते आरशात दिसतं. पण खरी गडबड आरशात दिसत नाही. आपण खाल्लं की रक्तात साखर येते. ती पेशीत जावी म्हणून इन्सुलिन जाऊन पेशीचं दार वाजवतं. अँड्रोजन वाढलं की स्नायूंची दारं घट्ट होतात, एकदा वाजवून उघडत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं. आणि हे जादा इन्सुलिन अंडाशयाला जाऊन सांगतं, अजून अँड्रोजन तयार कर. यकृतात अँड्रोजनला धरून ठेवणारं एक प्रथिन बनतं, तेही कमी करतं. म्हणजे मोकाट अँड्रोजन आणखी वाढतं."

"म्हणजे दोघी जावा एकमेकींना चढवतात, तसं हाय म्हणा की," मालनकाकू म्हणाल्या. त्या साठीच्या, पेठेतल्या भुसारी दुकानाच्या मालकीण, आणि विट्यातल्या कुठल्याही बायकांच्या घोळक्याच्या आपोआप पुढारी.

"अगदी तसंच. कित्येक वर्षं साखर तपासली तर बरोबर निघते, कारण शरीर जास्तीचं इन्सुलिन ओतून वेळ मारून नेत असतं. मग एक दिवस ते थकतं, आणि आपण म्हणतो अचानक शुगर निघाली. सगळ्याच केसवाल्या बायकांना हे होत नाही, आणि बारीक बायकांनाही होऊ शकतं. म्हणून तर तपासायचं."

केस वाढताना रक्तातली संप्रेरकं थोडी थोडी आपल्यात साठवत जातो. रोमवेध दोऱ्याला चिकटलेले केस आणि त्यांच्या मुळाशी असलेला ओलावा वाचायचं आणि सहा मिनिटांत शून्य ते शंभरमधला एक आकडा द्यायचं. चाळीसच्या आत असलात तर मजेत. साठच्या वर गेलात तर दारं घट्ट होत चालली आहेत असं समजायचं. हर्षदानं काम झाल्यावर वापरलेला दोरा यंत्राच्या खाचेत सरकवायचा, बस्स.

पहिला आकडा आला एकाहत्तर. दुसरा सत्तर. तिसरा एकाहत्तर. तीन आठवड्यांत त्रेचाळीस बायका झाल्या, आणि एकीचाही आकडा एकोणसत्तरच्या खाली किंवा बहात्तरच्या वर गेला नाही.

मग विट्यात जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. पेठेतला जिलेबीवाला कढईसमोर माश्या मारत बसला. चहात साखर घालणाऱ्या सुनेकडे सासवा ती विष कालवत असल्यासारख्या बघू लागल्या. सकाळी सहाला मायणी रस्त्यावर साड्यांवर स्वेटर आणि पायांत बूट घातलेल्या बायकांची रांग लागली. मालनकाकू सगळ्यांत पुढे, हात इतक्या जोरात हलवत की समोरून येणारा सायकलवाला आपणहून रस्ता सोडायचा. पुण्याच्या कंपनीचे ओंकार देवस्थळी रोज पडद्यावर येऊन हर्षदाचं कौतुक करत. "तुमच्या भागातला हा निष्कर्ष अभूतपूर्व आहे, मॅडम! आम्ही याला 'विटा आकृतिबंध' म्हणणार आहोत. आणि जिल्ह्याचं प्रशिक्षण केंद्र नक्षत्रलाच द्यायचं, हे जवळजवळ ठरलंय."

प्रशिक्षण केंद्र हे हर्षदाचं फार दिवसांचं स्वप्न होतं. दहा खुर्च्या, दहा आरसे, शिकायला आलेल्या मुली. ती हवेत होती. स्वतःचा आकडा बघावा असं तिच्या मनात एकदाही आलं नाही, असं म्हणता येणार नाही. मनात यायचं, आणि ती यंत्रावर कापड टाकून दुसऱ्या कामाला लागायची.

संक्रांतीला दहा-बारा दिवस उरले असताना मालनकाकू भर बाजारात चक्कर येऊन मेथीच्या गाड्यावर आडव्या झाल्या. लागलं काही नाही, मेथी बिचारी चपटली. डॉक्टर तांबोळींनी विचारल्यावर कळलं की काकूंनी साखर सोडली होती, भात सोडला होता, आणि दोन दिवसांपासून भाकरीही सोडली होती. "एकाहत्तर हाय माझा," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "मग काय करू?" डॉक्टरांनी रक्त तपासलं. काकूंची साखर, इन्सुलिन, अँड्रोजन, एकूण एक गोष्ट वयाला शोभेल अशी ठणठणीत होती. डॉक्टरांनी आणखी सहाजणींना बोलावलं. त्यातल्या पाचजणी ठणठणीत निघाल्या.

"यंत्र चुकतंय," डॉक्टर हर्षदाला म्हणाल्या. "पण कुठे, ते मला कळत नाही. देवस्थळी म्हणतात, यंत्र बरोबर आहे, विट्याच्या बायकाच वेगळ्या आहेत."

सुहास संक्रांतीसाठी घरी आला होता. दुपारी जेवताना हर्षदानं त्याच्यापुढे सगळं मांडलं आणि त्रेचाळीस आकड्यांचा कागद ठेवला. सुहासनं कागद वर-खाली पाहिला आणि घास तसाच हातात धरून म्हणाला, "यात बायकांचा काही संबंध नाही. मूस खराब आहे."

"मूस कुठली? तुमचं प्रत्येक बोलणं सोन्यावर जातं."

"ऐक तर. दहा घरचं सोनं आटवायला आलं आणि दहाही लगडींचा कस एकच निघाला, तर आमच्या दुकानातले अण्णा आधी ते वितळवायचं भांडं, ती मूसच फोडायला लावायचे. दहा घरचं सोनं एकसारखं असतंच कुठं? मुशीला आधीचं काहीतरी चिकटलेलं असतं, तेच पुन्हा पुन्हा बोलतं. तुझ्या त्रेचाळीसजणींमध्ये सतरा वर्षांची पोरगी आहे, साठीच्या काकू आहेत. सगळ्यांचं एकाहत्तर? काहीतरी एकच आहे, जे सगळ्यांना लागतंय. तू काय काय वापरतेस ते मला करून दाखव."

"बायकांच्या पार्लरात तुम्ही?"

"आज मंगळवार, तुझी सुट्टी. चल."

असा सुहास साळुंखे, गलाई कारागीर, आयुष्यात पहिल्यांदा पत्नीच्या खुर्चीत मान मागे टाकून बसला. हर्षदानं हात धुतले, पावडर लावलीच नाही, नवा दोरा तोडला आणि त्याच्या गालाच्या हाडावरचे चार केस उपटले. सुहास असा ओरडला की बाहेर रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. सहा मिनिटांनी आकडा आला. एकाहत्तर.

"घ्या!" सुहास गाल चोळत उठला. "मी पुरुष आहे गं! बायकांच्या पट्टीवर माझा काटा पार बाहेर जायला पाहिजे. माझं आणि मालनकाकूंचं अँड्रोजन सारखंच?"

हर्षदाला हसू आवरेना. सुहास मात्र खुर्चीभोवती फिरत होता. "पावडर नव्हती. हात धुतलेले. दोरा नवा." तो थांबला. "दुसरं टोक कुठं होतं?"

"कुठं म्हणजे? दातात."

दोघांचीही नजर रिळाकडे गेली.

हर्षदानं रिळाचा कोरा दोरा तोडला, दातात धरला, मनात वीस आकडे मोजले, आणि केसाचा कणही न लागलेला तो दोरा यंत्रात सरकवला. सहा मिनिटं फार लांबली. मग यंत्रानं नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, एकाहत्तर.

डॉक्टरांनी फोनवर ऐकलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडे आला. लाळेतही मोकळी संप्रेरकं असतात, इन्सुलिनचा अंश असतो. सुती दोरा ती वातीसारखी ओढून घेतो. केसांच्या मुळाशी असलेल्या चिमूटभर ओलाव्यापुढे ती लाळ म्हणजे महापूर. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मुली दोरा गळ्यात अडकवून काम करत होत्या, त्यामुळे तिथं हे कधी घडलंच नव्हतं. माहितीपत्रकात सगळं लिहिलं होतं, फक्त दोरा तोंडात धरू नये हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

फोन ठेवून सुहास वळला. त्याचा चेहरा बदलला होता. "म्हणजे हा आकडा..."

"माझा आहे," हर्षदा म्हणाली, आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून तिनं अठरा वर्षांची ती कडी, तो आरसा, सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला इतकी लाज वाटली की ती भिंतीवरच्या मेंदीच्या तक्त्याकडे बघत बोलली.

सुहासनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि मी समजत होतो, तू पाचला उठून देवपूजा करतेस. आईला कौतुकानं सांगितलंय मी."

हर्षदा हसली आणि रडली, दोन्ही एकाच वेळी. सुहास शेजारी येऊन बसला. "वेडी आहेस का? मला सांगायचं नाही होय? चल, आधी डॉक्टरांकडे."

रक्ताची तपासणी झाली. यंत्र खोटं बोललं नव्हतं, फक्त त्रेचाळीस वेळा एकाच बाईबद्दल बोललं होतं. हर्षदाचं अँड्रोजन वाढलेलं होतं, इन्सुलिन दुपटीच्या घरात, आणि उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर येऊन उभी. "वेळेत सापडलीस," डॉक्टर म्हणाल्या. "औषध आहे, पण पहिलं औषध म्हणजे पाय. चालायला लागलं की स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात. आणि बायकांना मी सांगते की आकडे चुकीचे होते. कुणाचे होते ते मी सांगणार नाही. तो तुझा प्रश्न."

देवस्थळींनी तर काम आणखी सोपं केलं. "मॅडम, आपण म्हणू की प्रणालीत सुधारणा झाली. तपशिलात शिरायची गरजच नाही. दातांचं वगैरे बाहेर गेलं तर यंत्राचं आणि तुमचंही हसं होईल. केंद्र तुमचंच आहे."

हर्षदाला हायसं वाटलं. वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हनुवटी झाकली जाणार होती, केंद्र मिळणार होतं, आणि बायकांची काळजीही मिटणार होती.

पण मिटली नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना निरोप धाडला की आकडे चुकले आहेत, नीट जेवा. बायकांनी तो निरोप वाचला आणि बाजूला ठेवला. "डागतर बाई आपण घाबरू नये म्हणून असं बोलतात," मालनकाकूंनी निकाल दिला. "आपल्या हर्षदानं स्वतःच्या हातानं काढलेला आकडा हाय. ती कशाला चुकंल?" आणि त्यांनी दूधही सोडलं. गालफडं बसली. चालताना त्या आता हात हलवत नव्हत्या, सुनेच्या खांद्यावर ठेवत होत्या. दोन दिवसांनी त्यांना सलाइन लावावं लागलं.

डॉक्टरांवर नसलेला विश्वास आपल्यावर आहे, हे हर्षदाला त्या दिवशी कळलं. आपण नुसतं 'चूक झाली' म्हणून भागणार नव्हतं. काय चूक झाली, कशी झाली, आणि तो एकाहत्तर कुणाचा, हे सगळं सांगितल्याशिवाय मालनकाकू तोंडात घास घालणार नव्हत्या. आणि सांगितलं, की ज्या चेहऱ्याकडे बघून बायका सतरा वर्षं खुर्चीत बसल्या, तो चेहरा खोटा ठरणार होता. वर सगळ्यांच्या तोंडाशी आपल्या थुंकीचा दोरा फिरवत होतो, हेही उघड होणार होतं. ते सगळ्यांनी रोज पाहिलंच होतं म्हणा, पण पाहणं वेगळं आणि उमगणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संक्रांतीला तिनं आरशात पाहिलं, हनुवटीवर काळी कोवळी खुंटं उभी होती. हात शिवशिवला. तिनं तो पाठीमागे धरला.

मालनकाकूंच्या घरचं हळदीकुंकू मोठं असायचं. काका गेल्यानंतरही त्यांनी ते बंद केलं नव्हतं, आणि कुणी नाक मुरडलं तर त्याला वाण मिळत नसे. हर्षदा पोचली तेव्हा पुढच्या सोप्यात तीस-पस्तीस बायका बसल्या होत्या. तिळगुळाचं ताट मधोमध होतं आणि त्याला कुणाचा हातही लागला नव्हता. हलव्याचे दागिने घातलेली काकूंची सहा महिन्यांची नात तेवढी गळ्यातला हार चोखत होती.

हर्षदा मधोमध जाऊन उभी राहिली आणि तोंडावरची ओढणी खाली केली.

"सगळ्यांनी नीट बघा," ती म्हणाली. "ही माझी खरी हनुवटी. तो एकाहत्तर तुमच्यापैकी कुणाचाच नाही. माझा आहे. दोरा मी दातात धरते, यंत्रानं केस वाचलेच नाहीत, माझी लाळ वाचली. अठरा वर्षं मी रोज पहाटे उठून हे काढते आणि दिवसभर तुमच्याकडून देवानं दिलेल्या कातडीचं कौतुक ऐकून घेते. साखर माझी वाढत चाललीये. तुमची नाही. काकू, तुम्ही ठणठणीत आहात, माझ्यामुळे उपाशी राहिलात. उद्या सकाळी मी दोरा गळ्यात अडकवून सगळ्यांची तपासणी पुन्हा करणार आहे. यायचं असलं तर या. नाही आलात तरी मला राग नाही."

कोपऱ्यात कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. एकीनं नकळत स्वतःच्या ओठांवरून पदर फिरवला, आणि ते हर्षदाला दिसलं. मालनकाकू तिच्याकडे बघत राहिल्या, मग उठून भिंतीला धरत आत निघून गेल्या. हर्षदा वाण न घेताच घरी आली.

सकाळी आठला तिनं पार्लर उघडलं. साडेआठ झाले. नऊ झाले. तिनं आरसे पुसले, पुसलेले आरसे पुन्हा पुसले. कालची गोष्ट पुण्यापर्यंत पोचली होती; साडेनवाला निरोप आला की प्रशिक्षण केंद्राचा निर्णय तूर्त लांबणीवर टाकला आहे. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. रिकाम्या बाकाकडे बघून मात्र वाटलं, आणि फार वाटलं. सतरा वर्षांच्या गप्पा त्या बाकावर झाल्या होत्या. आता तिला बोलायला तोंड मोकळं होतं, आणि समोर कुणी नव्हतं.

दहाच्या सुमाराला बाहेर आधी बुटांचा आवाज आला. मग बोलणं, मग एकदम कल्ला. दार उघडलं आणि आत शिरल्या मालनकाकू, हातात अर्धी खाल्लेली बाजरीची भाकरी, मागे मायणी रस्त्यावरून थेट आलेल्या, घामाघूम झालेल्या बायका. सगळ्या आत मावत नव्हत्या. निम्म्या पायरीवर, निम्म्या रस्त्यावर.

"इतका उशीर?" हर्षदाच्या तोंडून एवढंच निघालं.

"उशीर कसला? तुझ्या दाराशी थांबून हाका मारल्या की सकाळी आठला," काकू भाकरी चावत म्हणाल्या. "तुझा नवरा म्हणाला, हिकडं आलीस. मग म्हटलं, ठरलेलं चालून येऊ. उद्यापास्नं तू बी यायचंस आमच्याबरोबर. साखर तुझी वाढलीय आन् चालतोय आम्ही, ह्यो कुठला न्याय?"

सगळ्या हसल्या. हर्षदानं घाईनं दोरा तोडला, गळ्यात अडकवला. "बसा काकू. पहिला नंबर तुमचा."

"माझा कशाला? मी ठणठणीत हाय, तूच म्हणालीस." काकूंनी तिच्या गळ्यातला दोरा काढून घेतला आणि मागे वळून हाक मारली, "रसिका! ये गं पुढं."

रसिका म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतली मास्तरीण. कॉलेजात असताना तिनं एका उन्हाळ्यात हर्षदाकडेच दोऱ्याचं काम शिकून घेतलं होतं. ती लाजत पुढे आली, आणि दोरा गळ्यात घालून बोटांना पीळ देऊ लागली.

"आज तू बसायचंस," मालनकाकूंनी हर्षदाला दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं. "आन् आम्ही बोलू न्हाई मधी. तू बोल. सतरा वर्सं नुसतं हं हं केलंस, लई साठलं आसंल."

हर्षदानं मान मागे टाकली. वर पंखा दिसत होता, आणि पंख्याच्या चहूबाजूंनी वाकून बघणारे गावातले ओळखीचे चेहरे. बोलायला तिनं तोंड उघडलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत उतरलं.

"आत्ता गं बया," मालनकाकू म्हणाल्या, "अजून दोरा लागला बी न्हाई, आन् रडतीस कसली?"